आमच्या वन्संची गादी

ये, अशी जवळ ये. दाराशी पाहुण्यासारखी उभी राहू नकोस. बस इथं माझ्या चटईवर, आणि तुझ्या डाव्या हाताचं बोट दाखव बघू. नाही ना शाई? वाटलंच मला. मतदानाची सुट्टी मिळाली म्हणून तू मैत्रिणींना घेऊन महाबळेश्वरला गेलीस आणि गाडीवरची कणसं खात फोटो काढत बसलीस, हे तुझ्या आईनं मला फोनवर सांगितलं, तेही कौतुकानं! मी रागावत नाही हो. या वयात रागावलं की त्रास आपल्यालाच होतो. पण आमच्या वन्संची हकिगत ऐकल्याशिवाय आज तुला उठू देणार नाही, आणि तोवर तो फोन पालथा घाल. सातारा-सांगली मिळून दोन्ही जिल्ह्यांत लोकशाही म्हणजे काय ते समजलेली माणसं पुष्कळ असतील, भाषणं करणारी तर पोत्यानं आहेत, पण समजल्यावर तसं वागून दाखवलेली बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि ती माझी थोरली नणंद.

वन्संचं माहेर हेच, आमचं कोरेगावचं घर. सासर सांगलीच्या पलीकडं, कृष्णाकाठी, ऊस आणि हळद पिकवणारं. बाई उंचीला दाराच्या चौकटीएवढी, आवाज मळ्यातून रस्त्यावर पोचणारा, आणि चालणं असं की समोरून येणारी सायकल आपण होऊन बाजूला व्हावी. त्यांचे मालक गेल्यापासून घराचा सगळा कारभार त्यांच्या एकटीच्या हातात. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. दोन मुलगे, दोन सुना, एक कॉलेजात जाणारी नात, पण आमटीत मीठ किती आणि रानात खत कधी हे वन्संनी सांगितल्याशिवाय त्या घरात चमचा हलत नसे. धाकट्या मुलानं एकदा स्वतःच्या मनानं मिशी काढली होती, तर ती परत वाढेपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. आता अशा बाईला लोकशाहीचं वेड लागावं, हे कुणाला खरं वाटेल?

लागलं ते गुडघ्यामुळं. मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी मदतीला तिकडं जाऊन राहिले होते. त्या खोलीतला टीव्ही उंच भिंतीवर टांगलेला, रिमोट कुणी हरवला देव जाणे, आणि चॅनल अडकून बसलेलं दिल्लीच्या संसदेवर. बाकीच्या बायका मालिका बुडाल्या म्हणून रडकुंडीला आलेल्या. वन्संही पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "ही कसली गं मालिका, वैनी? येकच घर दावत्यात, आन् सगळीच भांडत्यात." पण दोन-चार दिवसांत मी डबा घेऊन गेले तर शेजारच्या पलंगावरच्या बाईला त्या समजावून सांगत होत्या, की हा उठला तो सरकारातला, त्याला आता तो विरोधातला अडवणार, आणि मधल्या उंच खुर्चीवरच्यानं कुणाचीच बाजू घ्यायची नाही, म्हणून त्याचं तोंड असं झालंय. हिंदी निम्मं कळायचं, इंग्रजी अजिबात नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "भाषा कशाला कळाया पायजे? खोटं बोलनाऱ्याची मान येगळी हलती." घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काही त्रास?" वन्सं म्हणाल्या, "तरास काय न्हाई, पर अधिवेशन संपूस्तवर ऱ्हाऊ द्या की हितंच!"

घरी आल्यावर नातीनं त्यांना मोबाइलवर तेच लावून दिलं, आणि नुसतं आपल्याकडचं नाही, जगातल्या सगळ्या दरबारांचं दार उघडून दिलं. मग काय विचारतेस! इंग्लंडचा राजा, जपानचा बादशहा, स्वीडनचा, नॉर्वेचा, डेन्मार्कचा. यातले नॉर्वे आणि डेन्मार्क त्यांच्या डोक्यात कायमचे एकमेकांत मिसळले, दोन सख्ख्या जावा असाव्यात तशा त्या त्यांच्याविषयी बोलायच्या. नेपाळनं राजाला घरी बसवलं, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. भूतानचे लोक नको नको म्हणत असताना तिथल्या राजानं आपण होऊन कारभार लोकांच्या हाती दिला, हे नातीनं वाचून दाखवलं तेव्हा मात्र त्यांनी पदरानं डोळे पुसले. पण सगळ्यांत आवडता इंग्लंडचा तो सोहळा. राजाचा माणूस काठी घेऊन येतो, आणि लोकांनी निवडून दिलेले सभासद त्याच्या तोंडावर धाडकन दार लावून घेतात. मग तो काठीनं दार ठोकतो, तेव्हा कुठं उघडतात. "आन् राजा काय म्हनतो म्हाईत हाय?" डोळे मोठे करून वन्सं मला सांगायच्या. "काय बी म्हनत न्हाई! त्यांनीच लिवून दिल्यालं भाषन गपगुमान वाचतो. येवढा मुकुट डोक्यावर, आन् न्हाई म्हनायची सोय न्हाई. वैनी, हुकूम सोडाया काय लागतंय गं? त्यो मी बी सोडती. पर समदं हातात असून हात आवरायचा, ह्याला छाती लागती." ज्या बाईनं मिशीवरून मुलाशी अबोला धरला होता, तिच्या तोंडून हे ऐकताना मी भाजी निवडायची थांबले होते.

त्यांच्या शेजारी एक जैन कुटुंब राहतं. तिथले आण्णा हळदीचे व्यापारी, शेतीही मोठी, स्वभाव लोण्यासारखा, पण मत एकदम राजाच्या बाजूचं. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण आटोपायचं, मग ते दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर येऊन बसायचे, आणि अलीकडं वन्सं अंगणात तांदूळ निवडत असायच्या. रोजची सभा तिथं भरायची.

"आक्का," आण्णा म्हणायचे, "राजा असला की येक बरं असतंय. कुनाच्या दारात जायाचं त्ये ठावं असतंय. आता ह्यो म्हंतो त्येच्याकडं जा, त्यो म्हंतो ह्येच्याकडं जा. मानूस हिंडूनच मरतंय."

"आन् राजा खुळा निघाला तर ओ, आण्णा?"

"तर काय, देवाचं नाव घ्यायाचं आन् वाट बघायाची."

"तेच म्हंती मी. आमचा खुळा निघाला तर पाच वर्सं वाट. तुमचा निघाला तर त्येची तिरडी निघूस्तवर वाट, आन् मागनं त्येचं पोरगं बसायला तयारच!"

"पर निवडून आल्याला मानूस पाच वर्सं पोट भरत बसतंय, आक्का. राजाचं पोट आदीच भरल्यालं."

हा मुद्दा वन्संनी रात्रभर मनात घोळवला.  सकाळी उठून तोंडही न धुता भिंतीपाशी गेल्या आणि ओरडल्या, "आण्णा, ओ आण्णा! भरल्याल्या पोटाला बी सांजंला परत भूक लागतीच की!" आतून आण्णा शांतपणे म्हणाले, "आमाला न्हाई लागत बगा सांजंला." त्यावर दोन्ही घरं इतकी हसली, की तो मुद्दा आजतागायत तसाच लोंबकळत राहिला आहे.

पण या भिंतीवरच्या भांडणातूनच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. कारभार मतावर चालावा आणि मान गादीला असावा. आपल्याकडं राष्ट्रपती निवडून येतो, त्यांच्याकडं राजा जन्माला येतो, पण पुढं दोघांचं काम एकच, दुसऱ्यांनी ठरवलेल्यावर आपला हात ठेवायचा. असं असेल तर आपल्या घरातही हे का चालू नये, असं वन्संच्या मनानं घेतलं. पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसवलं, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून थोरल्या सुनेच्या हातात दिला आणि जाहीर केलं की आजपासून घरात काय व्हायचं ते दोन मुलगे, दोन सुना आणि नात अशा पाच मतांनी ठरेल. मला आधी विचारायचं. मी माझं मत सांगेन. ऐकायचं का नाही ते तुम्ही बघा. आणि तुम्ही जे ठरवाल ते माझ्या हातानं पार पडेल, मला पटो न पटो. थोरली तो जुडगा हातात विंचू धरावा तशी धरून उभी होती. "आत्या, बरं न्हाई काय वाटत तुमाला?" असं तिनं काळजीनं विचारलं. आमच्या भागात सुना सासूला आत्याच म्हणतात.

मग सोप्यात नायलॉनच्या पट्ट्यांची लोखंडी खुर्ची आली. तीच गादी. सभा स्वयंपाकघरात भरायची, आणि राजानं सभागृहात पाऊल टाकायचं नाही या नियमानं वन्संनी स्वतःला स्वयंपाकघराची बंदी केली. सगळी हयात ज्या चुलीपुढं काढली तिच्या उंबऱ्याबाहेर ही बाई उभी राहायची. चहा पाहिजे असला की काठीनं चौकट वाजवायची. सुनांना लाजल्यासारखं व्हायचं. "या की आत, आत्या," म्हणून त्या हात धरून ओढायच्या, पण वन्सं उंबऱ्यावरून अंगठासुद्धा पुढं टाकायच्या नाहीत. आमचे हे एकदा माझ्याबरोबर बहिणीला भेटायला गेले आणि जेवताना तिसरी पुरणपोळी मागायला लागले, तर बाहेरच्या खुर्चीवरून आवाज आला, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. आपला येळ संपला!" ह्यांना साखरेचा त्रास आहे, म्हणून मी मनातल्या मनात वन्संना दंडवत घातला. शेजारपाजारची बाई कुणाच्या सुनेच्या कागाळ्या घेऊन आली, तर "हा विषय आज पटलावर न्हाई," म्हणून तिला सरळ वाटेला लावायच्या.

तुला वाटेल हा सगळा पोरखेळ. मलाही आधी तसंच वाटलं. पण पुढच्या पाडव्याला मी तिथं होते. सुना-मुलांनी वर्षभरात काय काय करणार ते लिहून काढलं होतं, आणि वन्संनी ते खुर्चीवर बसून, चष्मा लावून, सगळ्यांपुढं वाचायचं होतं. त्यात अंगणावर पत्रा टाकायचं कलम होतं. त्या पत्र्याला वन्संचा कडवा विरोध. पत्रा आला की अंगणातलं चांदणं गेलं, असं त्यांनी घसा फोडून सांगितलं होतं, आणि पाचही मतांनी ते ऐकून घेऊन पत्रा मंजूर केला होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या त्या ओळीपाशी आल्या, एक घोट पाणी प्यायल्या आणि खणखणीत आवाजात वाचलं, "माजं सरकार यंदा अंगनावर पत्रा टाकनार हाय." टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, देवळात गेल्यावर वाटते ना, तशी.

आता खरी गोष्ट ऐक. हे सगळं राज्य सोडून दिलेल्या बाईच्या हातात आपलं म्हणून एकच काम उरलं होतं, आणि ते म्हणजे चांदी. चांदी त्यांची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं पाठीपर्यंत गेलेली, आणि मिजास तर अशी की गोठ्यात ती राहते का आपण तिच्या घरी राहतो तेच कळू नये. गुडघ्यापासून वन्संना दूध काढायला बसता येईना, म्हणून धार थोरली काढायची, पण वन्संचा हात पाठीवर असल्याशिवाय चांदी पान्हा सोडायची नाही. तेव्हा दोन्ही वेळा वन्सं तिच्याजवळ स्टूल टाकून बसायच्या, एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर संसद. चांदीला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की मंत्र्याचं संथ उत्तर चाललं असलं की बादली भरून दूध, आणि सभागृहात आरडाओरडा सुरू झाला की ती पाय आपटून धार तोडायची. तिकडं कामकाज तहकूब, इकडं चहा बिनदुधाचा! वन्सं तिच्याशी बोलायच्या. आमच्याशी जे कधी बोलल्या नाहीत ते तिच्याशी बोलायच्या. मालक गेल्याचं दुःख त्या बाईनं माणसांपुढं कधी काढलं नाही, पण गोठ्यात त्यांचा आवाज बारीक झालेला मी ऐकला आहे.

आणि नेमका थोरलीचा खांदा गेला. हात वर होईना. वेणी घालायला जाऊबाई लागायची, कुशीवर वळताना ती झोपेत कण्हायची. धार काढायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं. धाकटीला आणि मुलग्यांनाही चांदी जवळ येऊ देईना, लाथ मारायची. धार काढायला गडी मिळेना, आणि मिळाला तो पहिल्याच दिवशी बादलीसकट उताणा पडला. थोरली बिचारी ओठ दाबून धार काढत राहिली, आणि शेवटी एका शनिवारी तिनंच सभेत विषय मांडला, की चांदी विकावी.

नियमाप्रमाणं आधी वन्संना विचारलं. वन्सं म्हणाल्या, "मला इचाराल तर इकू नये. पर ठरवनार तुमी." मग स्वयंपाकघराचं दार लागलं. वन्सं बाहेर खुर्चीवर. आत थोरली आणि तिचा नवरा विकायच्या बाजूला, धाकटा मुलगा आणि नात ठेवायच्या बाजूला. राहिली धाकटी. तिनं थोरलीकडं पाहिलं आणि विकायच्या बाजूनं हात वर केला. नातीनं बाहेर येऊन आजीला सांगितलं. वन्सं नुसतं "बरं" म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "गिऱ्हाईक चांगलं बगा. मारनारा नको."

मला त्यांचा फोन आला, "वैनी, येऊन जा." एवढंच. मी कोरेगावहून रेल्वेनं निघाले ती सांगलीत उतरून थेट त्यांच्या दारात. मिरजेकडचा एक गवळी टेम्पो घेऊन आलेला होता, हातात पिवळी धमक नायलॉनची नवी दोरी. तुला शहरात राहून ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. घरची मोठी बाई जनावराला कुंकू लावते, पायावर पाणी घालते, भाकरीचा घास देते, आणि आपल्या हातानं गळ्यातलं घरचं दावं सोडते. मग घेणारा आपली दोरी बांधतो. त्या बाईनं दावं सोडलं नाही, तर सौदा मोडला. पैसे परत, आणि घेणारा एका शब्दानं भांडत नाही, मुकाट निघून जातो. अशी रीतच आहे. म्हणजे बघ, घरातल्या पाच जणांनी काही का ठरवेना, रीतीनं शेवटची गाठ वन्संच्याच हातात होती, आणि ती सोडली नाही म्हणून त्यांना जगात कुणीही नाव ठेवणार नव्हतं.

वन्सं ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. भिंतीपलीकडं आण्णा उभे. मुलगे खाली बघत होते. वन्संनी चांदीला हळदीकुंकू लावलं, चारी पायांवर पाणी घातलं, गूळ लावलेली भाकरी खायला दिली. ती निवांत खात होती गं, तिला काय कल्पना! मग वन्संनी गाठीला हात घातला आणि थांबल्या. बोटं गाठीवर, पण हलेनात.  मी मनात म्हणत होते, म्हणा, वन्सं, एकदा नाही म्हणा, कोण तुमचं काय करतंय!

आणि धाकटीला हुंदका फुटला. "आत्या, सोडू नगा," ती धावत पुढं आली. "न्हाई म्हना की तुमी! मला वाटलं तुमी न्हाई म्हननार. जाऊबाईच्या खांद्याकडं बगून माजा हात वर झाला, पर मनात म्हनलं, आत्या कुटं दावं सोडत्यात? त्या थांबवत्यालच. म्हनून तर मी हात वर केला!"

सगळे थक्क झाले. थोरली मटकन ओट्यावर बसली. वन्संनी गाठीवरचा हात काढला नाही, नुसती मान वळवली. मला वाटलं आता जुना आवाज निघणार, मळ्यातून रस्त्यावर पोचणारा. पण त्या इतक्या हळू बोलल्या की आण्णांना भिंतीवरून वाकावं लागलं.

"माज्या भरवशावर मत टाकलंस व्हय गं तू?"

"चुकलं, आत्या."

"तुजं न्हाई चुकलं, बाळ. माजं चुकलं. मला वाटलं, गादीकडं हुकूम नसला म्हंजे कुनाला तिचा तरास न्हाई. पर वर कुनीतरी बसलंय, त्ये सांबाळून घील, असं वाटलं की खालचं मानूस आपलं मत जपून टाकत न्हाई. मी नुसती बसून होती, तरी बी तुला माजी सावली पडली."

"आक्का," भिंतीवरून आण्णा म्हणाले, "राजाला बी येकांदा न्हाई म्हनायचा हक्क असतोय की ओ. आज म्हना. कोन काय म्हनत न्हाई."

"असतोय, आण्णा. पर आज म्हनलं की उद्या ह्यांनी हात वर करायच्या आदी माज्या तोंडाकडं बगायचं. मग मतं कशाला घ्यायाची, मीच सांगती की समदं, पयल्यासारखं." त्या थोरलीकडं वळल्या. "आन् हिचा खांदा खरा हाय. त्यो काय मतावर दुखत न्हाई."

आणि त्यांनी गाठ सोडली. एका हातानं चांदीचा जवळचा डोळा झाकला, तिनं बघू नये म्हणून असेल, आणि दुसऱ्या हातानं दावं काढून घेतलं. गवळ्यानं आपली दोरी बांधली. तो दांडगा माणूस, पण वन्संच्या पायाला हात लावून मगच टेम्पोत चढला. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. मी पुष्कळ मोठी माणसं लांबून पाहिली आहेत, साताऱ्याच्या मैदानावर सभा ऐकल्या आहेत, हार-तुरे पाहिले आहेत. पण त्या अंगणात, म्हशीच्या मोकळ्या खुंट्यापाशी दावं हातात घेऊन उभ्या असलेल्या माझ्या नणंदेएवढं उंच माणूस मला आजवर दिसलेलं नाही.

त्यांनी दावं खुंट्याला गुंडाळलं, हातपाय धुतले आणि चालत सरळ स्वयंपाकघरात गेल्या. उंबरा ओलांडून! सुना बघतच राहिल्या. वन्सं चुलीपुढं जमिनीवर फतकल घालून बसल्या आणि म्हणाल्या, "गादी मोडली. उद्यापास्नं ती खुर्ची कपडे वाळवाया घ्या. आता मला बी येक मत द्या."

थोरली म्हणाली, "आत्या, तुमची दोन धरू."

"दोन दिलीस तर परत गादीच की गं ती! येकच दे. तुज्यायेवढं, हिच्यायेवढं. पडलं तर पडू दे."

त्या दिवशी संध्याकाळी, धारेची वेळ झाली तेव्हा, त्यांचे हात नुसते मांडीवर पडून होते. मला ते बघवेना. मग त्यांनी आपण होऊन तेलाची वाटी मागितली, थोरलीला पुढ्यात बसवलं आणि तिचा खांदा चोळायला घेतला. थोरली दुखलं की "आई गं" म्हणायची, वन्सं तेवढ्यापुरता हात हलका करायच्या.  धाकटी भाकऱ्या थापत होती, आणि भाकरी परतताना मधूनच डोळे दंडाला पुसत होती. ते तेल चोळणं अजून रोज चालू आहे. खांदा पुष्कळ सुधारलाय म्हणतात, वेणी घालता येते आता.

आणि वन्सं? वन्सं मत देतात. सहा मतं झाल्यामुळं सारखी बरोबरी होते आणि घरात नुसता गोंधळ आहे, तरी ठरवतात काहीतरी. बहुतेक वेळा वन्संची बाजू हरते. परवाच फोन होता. "वैनी, आज पडली बग मी. पाचाला येक! येकटीच हात वर करून बसली होती," असं म्हणून त्या खळखळून हसल्या.  मग म्हणाल्या, "हरायचं काय न्हाई गं. पर हात वर केला की आजूबाजूला कोन न्हाई, तवा जरा रितं वाटतं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

म्हणून सांगते, पोरी, पुढच्या सुट्टीला महाबळेश्वर राहू दे. इकडं ये, आपण दोघी रेल्वेनं सांगलीला जाऊ. तुला तिथं मत देता येणार नाही, ते त्या मुळीच चालू देणार नाहीत. पण सभा चालू असताना त्यांच्या बाजूला बसता तर येईल. त्या थकल्यात गं आता. फार लांबवू नकोस, लवकर ये.